मानेच्या डिस्टोनियावर बोटुलिनम टॉक्सिन: आईची भीती कशी घालवावी?

प्रश्न:
माझ्या आईची मान दीड वर्षापासून आपोआप डावीकडे वळते आणि मधूनमधून झटके देते. हनुवटीला बोट टेकवले की ती काही क्षण सरळ राहते, त्यामुळे नातेवाईक याला सवय म्हणतात आणि ते आईच्या मनाला फार लागते. न्यूरॉलॉजिस्टनी सर्व्हायकल डिस्टोनियाचे (मानेचे स्नायू आपोआप आखडण्याच्या आजाराचे) निदान करून बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने सुचवली आहेत; परंतु ज्या विषाने श्वास बंद पडू शकतो, ते मानेत टोचून घ्यायला ती तयार नाही. हा उपचार घेतलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1:
हनुवटीला स्पर्श केल्यावर मान सरळ होणे हे याच आजाराचे ओळखीचे लक्षण आहे, हे नातेवाईकांना अवश्य सांगा. मी सहा वर्षे ही इंजेक्शने घेत आहे. नसेकडून स्नायूला आकुंचनाचा संदेश नेणारे ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन या इंजेक्शनमुळे अडवले जाते, आणि तेही मुख्यतः जिथे टोचले त्या स्नायूत, अत्यल्प मात्रेत. गुण आठवडाभरात जाणवू लागतो व सुमारे तीन महिने टिकतो. नंतर नसांची टोके पुन्हा कामाला लागतात, म्हणून इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. पहिल्या खेपेनंतर मला दोन आठवडे घास गिळताना त्रास झाला. डॉक्टरांना तसे सांगितल्यावर त्यांनी कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूतील मात्रा कमी केली आणि तो त्रास पुन्हा झाला नाही. गिळणे किंवा श्वास घेणे जड वाटले, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालयात जावे.

उत्तर 2:
माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू फडफडत असे; एमआरआयमध्ये चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या सातव्या नसेवर रक्तवाहिनीचा दाब दिसला. शस्त्रक्रियेऐवजी मी याच औषधाची इंजेक्शने निवडली. एकदा पापणी तीन आठवडे उतरली होती, ती आपोआप पूर्ववत झाली. पापण्यांच्या आकडीसाठी अमेरिकेत या औषधाला 1989 मध्येच मान्यता मिळाली होती, हे वाचून मला धीर आला होता.

उत्तर 3:
प्रत्येक खेपेला औषधाचे नाव, युनिट आणि टोचलेले स्नायू वहीत लिहून ठेवा, कारण एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते. गुण लवकर ओसरला, तरी बारा आठवड्यांच्या आत पुन्हा टोचण्याचा आग्रह धरू नका. घाईने पुन्हा टोचल्यास शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन औषध निष्प्रभ ठरू शकते. आईला मायस्थेनिया (स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार) असल्यास किंवा त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रश्नकर्ता:
आई रक्त पातळ करणारी गोळी घेते आणि हे आम्ही डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. उद्याच फोन करतो. पहिले उत्तर तिला वाचून दाखवले. ‘सहा वर्षे’ हे शब्द तिने दोनदा वाचायला लावले.