जिप्सीचा मागचा हाफ शाफ्ट हलेना

मागच्या उजव्या ड्रममध्ये गिअर ऑइल उतरतंय, ब्रेक शू पार भिजलेत. ऑइल सील बदलायचंय. ड्रम काढला, ब्रेक पाइप आणि हँडब्रेकची केबल सोडवली, बॅकप्लेटमागचे (ब्रेक शू ज्या पत्र्यावर बसतात त्यामागचे) चारही नट काढले. तरी शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) जागचा हलत नाही. दोन तास ओढतोय. स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या झटक्यानं ओढायचं हत्यार) नाही. मागून पहार घालू का?

उत्तर १: पहार नको रे दादा, बॅकप्लेट वाकेल. ड्रम उलटा करून स्टडवर चढव, व्हील नट टोकाशी चार-पाच आटेच फिरव. आता ड्रम दोन्ही हातांनी धरून झटक्यानं बाहेर खेच. तोच तुझा स्लाइड हॅमर! मी आदल्या रात्री बेअरिंगच्या कडेला गंज सुटायचं तेल मारून ठेवतो, त्यानं फार फरक पडतो. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नकोस. या झटक्यांनी ती घसरते. स्टँड हवेतच, पुढच्या चाकांना दगडही लाव.

उत्तर २: शाफ्ट सरळ रेषेत ओढा, खाली लोंबू देऊ नका. बेअरिंगही बदलणार असाल तर त्याला शाफ्टवर धरून ठेवणारी रिंग ग्राइंडरनं एका जागी पातळ करून छिन्नीनं फोडा. पण शाफ्टला ग्राइंडर लागता कामा नये.

निघाला, काका! सहाव्या झटक्याला. सीलची कड पार कडक झाली होती. नवीन सीलच्या ओठाला ग्रीस लावूनच बसवतो, शूही नवे टाकतो.

उत्तर १: छान. ब्रेकची हवा काढायला विसरू नकोस.