बायकांच्या व्यसनमुक्ती गटाला स्वतःचं घर हवं का?

म्हापशाची ताई
दारू आणि झोपेच्या गोळ्या सोडू पाहणाऱ्या बायकांसाठी आम्ही गट चालवतो. सहा वर्षांत हे चौथं भाड्याचं घर. करार अकरा महिन्यांचा, आणि ऑक्टोबर आला की मालकाला सीझनचं भाडं दिसू लागतं. गेल्या वर्षी एक बाई पाच महिने न पिता राहिली, मग घसरली. लाजेने दीड महिना फिरकली नाही. आली तेव्हा त्या घरात पर्यटक उतरले होते. फोन नवऱ्याने काढून घेतलेला, आमचा नंबर तिला पाठ नव्हता. वाट तेवढी पाठ होती. म्हणून वर्गणी काढून एखादं जुनं घर विकत घ्यावं असं मला वाटतं. तुम्ही सांगा.

डिचोलीचा भाऊ
ताई, राग मानू नका, पण माझा विरोध आहे. घर घेतलं की गट घराच्या चाकरीला लागतो. पावसाआधी छपराचे नळे (कौलं) परता, वाळवी बघा, घरपट्टी भरा. त्याच पैशात एक चांगली समुपदेशक कित्येक वर्षं ठेवता येईल. औषधोपचाराला बांबोळीचं सरकारी इस्पितळ आहेच. दारू सोडणाऱ्यांच्या बैठका घेणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सहाव्या परंपरेत, म्हणजे त्यांच्या नियमात, तर स्पष्टच आहे की पैसा आणि मालमत्तेच्या भानगडी मूळ कामापासून दूर नेतात.

म्हापशाची ताई
भाऊ, त्या बैठकांनी माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण तिन्हीसांजेला तासभर घराबाहेर राहायचं तर पुरुषाला कुणी विचारत नाही. बाईला सासू विचारते, शेजारीण विचारते, आणि परतायला बस नसते. शिवाय मुलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे विकार येतात, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये असंही त्यात आहे. आमच्या मालकाची पहिली अट होती, पोरं नकोत.

फोंड्याची वकील
माझा आक्षेप निराळा आहे. बाईने स्वतःचं घर सोडायचंच का? गोव्याच्या नागरी कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्तेत नवराबायकोचा अर्धा-अर्धा वाटा असतो. तिच्या सहीशिवाय तो घर विकू शकत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि गरज पडली तर न्यायालय नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं. बाई गटाच्या घरात राहायला गेली की सासरचे म्हणायला मोकळे, बेवडी आहे, घर टाकून गेली. आणि कायमचा पत्ता गावभर होतो. चिडलेला नवरा दारात येऊन उभा राहील, तेव्हा काय करणार?

पेडण्याची सून
मी गटाच्या दुसऱ्या भाड्याच्या घरात राहत होते. जास्त लिहिता येत नाही, पण वकीलताई, तुम्ही म्हणता त्याच हक्कासाठी मी अर्ज केला होता. पत्ता गटाचा दिला. तीन महिन्यांत घर बदललं, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, माझी तारीख चुकली. बँकेत खातं उघडायला गेले तर तिथेही पत्ताच मागितला. नवरा येईल ही भीती मला होती. भाड्याच्या घरीही तो आलाच होता. पाच बायका दाराशी उभ्या राहिल्या, तो गेला.

फोंड्याची वकील
बाय, तारखेचं वाचून वाईट वाटलं. नोटिशीचा मुद्दा मला आधीच सुचायला हवा होता. रात्री लपवून ठेवावं लागेल अशा बाईसाठी वेगळी, गुप्त जागा लागेलच, हे मी सोडत नाही. आणि ताई, घर घ्याल तर आधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, पूर्ण झाली आहे ना ते बघा. अर्धे वारस पोर्तुगालात, एक लंडनमध्ये, अशा घराला हात लावू नका. कागद मी बघते, फी नको.

डिचोलीचा भाऊ
पत्ता टिकायला हवा, हे पटलं. पण त्यासाठी विकतच घ्यायला हवं का? पाच वर्षांचा रीतसर नोंदणी केलेला करार करा, उरलेले पैसे माणसांवर घाला.

म्हापशाची ताई
भाऊ, गेल्या चवथीपासून मी तेच शोधते आहे. गट कसला ते सांगितलं की मालक विचारून कळवतो म्हणतात. पाच वर्षं लिहून देणारा एक मालक डिचोलीत असेल तर उद्या सकाळच्या कदंबा बसने येते.