मदत हवी आहे: अजिनोमोटोवरून घरात रोज वाद, नक्की वापरू का टाकून देऊ?

धायरीची_सून:
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात आला असेल तर ॲडमिननी हलवा प्लीज.

आम्ही धायरीत राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई, सासरे (वय ७१, बीपीची गोळी चालू) आणि साडेपाच वर्षांची मुलगी, वजन १८ किलो. शनिवारी रात्री नवरा चायनीज करतो, म्हणजे भाज्या चिरायच्या मी, ओटा पुसायचा मी, कढई हलवून नाव त्याचं. तर मागच्या महिन्यात साहेब रविवार पेठेतून अजिनोमोटोची १०० ग्रॅमची पुडी घेऊन आले, गाडीवरची चव याच्याशिवाय येतच नाही म्हणे. आणि खोटं कशाला बोलू, आली! मंचाव सूप मुलीने दोनदा मागून घेतलं, जी एरवी कोबी ताटाच्या कडेला लावून ठेवते.

पुडी बघितली तर साखरेसारखे चमकणारे पण लांबुळके, सुईसारखे दाणे. नुसते जिभेवर ठेवले तर आधी काहीच कळत नाही, मग मशरूम उकडलेल्या पाण्यासारखं काहीतरी लागतं आणि तोंडाला पाणी सुटत राहतं. मागे बारीक अक्षरात लिहिलंय की १२ महिन्यांखालच्या बाळांना देऊ नये. सासूबाईंनी नेमकं तेवढंच वाचलं. "अगं हे विष आहे, मेंदूच्या नसा सुकतात, ग्रुपवर आलंय" म्हणून पुडी माळ्यावर गेली.

त्यात मागच्या आठवड्यात मी ऑफिसच्या मुलींबरोबर गाडीवर शेजवान राईस खाल्ला, रात्री साडेदहाला, आणि घरी येईपर्यंत मान जड, डोकं ठणकतंय, रात्रभर पाणी पितेय. आता आईंना पुरावाच मिळाला. मला खरंच कळत नाहीये की हे त्याच्यामुळेच झालं का, मुलीला दिलं ते चुकलं का आणि बाबांच्या बीपीला हे चालतं का. कुणी नीट माहिती असलेलं सांगेल का, फॉरवर्ड नकोत, ते घरातच भरपूर आहेत.

नाकतोडा:
टाका ते. आमच्या आजीने आयुष्यभर गोडा मसाला घालून केलं, तिला कधी पावडर लागली नाही.

पोळी_करपली:
@नाकतोडा, आजीच्या आमटीत टोमॅटो असेल तर ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतला चव देणारा भाग, होतंच की. 😀

ताई, मी फूड टेक्नॉलॉजीवाली, क्वालिटीत काम करते. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. माल म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, पाकिटावर ६२१. १९०८ मध्ये टोकियोतले प्रोफेसर इकेडा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून ही चव वेगळी काढली, तिला उमामी नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी ती बाजारात आली. आता उसाची मळी नाहीतर स्टार्च आंबवून करतात. आईच्या दुधातही मोकळं ग्लुटामेट असतं, गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त.

भीती कुठून आली तर १९६८ मध्ये अमेरिकेतल्या क्वोक नावाच्या डॉक्टरांनी एका मेडिकल जर्नलला पत्र लिहिलं, की चायनीज हॉटेलात जेवलं की मानेत बधिरपणा येतो, धडधडतं. त्यांनी स्वतः सोया सॉस, वाइन, मिठाचं प्रमाण असे बरेच संशयित दिले होते पण लोकांनी एकच पकडला. पुढच्या वर्षी नवजात उंदरांना मोठ्या डोसची इंजेक्शनं देऊन मेंदूला इजा झाल्याचं दिसलं, मेंदूचा फॉरवर्ड तिथला. आपण इंजेक्शन घेत नाही, खातो, आणि खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात.

पण "काहीच होत नाही" असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या एफडीएसाठी, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यासाठी, १९९५ मध्ये तपासणी झाली त्यात ३ ग्रॅम किंवा जास्त, तेही जेवणाशिवाय घेतलं तर काहींना थोडा वेळ डोकेदुखी, लाली, बधिरपणा येऊ शकतो असं निघालं. घरच्या एका वाटीत सहसा अर्धा ग्रॅमपण जात नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये दिवसाला किलोमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली, म्हणजे तुमच्या लेकीला साधारण ५४० मिलिग्रॅम. चौघांत मिळून पाव चमचा, साधारण १ ग्रॅम, तर वाटणीला २५० येतं. पण त्याच दिवशी तिने चिप्स, नूडल्स खाल्ले तर ते पण मोजा.

बीपीचं म्हणाल तर मिठात ३९ टक्के सोडियम, यात १२. थोडं मीठ कमी करून हे घातलं तर उलट फायदा, मिठाच्या वर घातलं तर नाही.

रात्रपाळी:
मला तरी होतो त्रास, कुणी काही म्हणो.

पोळी_करपली:
मग नका खाऊ, जबरदस्ती थोडीच आहे. पण एकदा कुणाला तरी न सांगता दोन वाट्या करायला लावा, एक घालून, एक न घालता.

धायरीची_सून:
खूप थँक्यू! @पोळी_करपली, तुमचं वाचून सोया सॉसची बाटली उलटी करून बघितली आणि हबकले. १५ मिलीला ९०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि नवरा चौघांच्या सूपात अंदाजाने चार मोठे चमचे ओततो! पाव चमचा अजिनोमोटोत आलं असेल १२०. दिवसाला २०००च्या आत ठेवा म्हणतात, तर बाबांचं निम्मं एका वाटीतच. गाडीवरचा राईस तर किती खारट होता ते आत्ता आठवतंय, रात्रभर तहान उगीच नाही लागली. डोक्याचं मात्र अजून कोडंच आहे, दुपारी चहा चुकला होता आणि जेवायलाही उशीर झाला होता.

आता शनिवारी सोया सॉस एकच चमचा, मीठ शेवटी चाखून, बाबांची वाटी आधी वेगळी काढायची. आईंना हे सगळं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "बरं, पण पुडी माळ्यावरच राहू दे." त्यांच्या ताटात तेव्हा दोन उडदाचे पापड आणि लिंबाचं लोणचं होतं, मी काही बोलले नाही.

जाता जाता अजून एक, मुलीच्या चिप्सच्या पाकिटावर ६२१ नाहीये पण ६२७ आणि ६३१ आहे, ते काय?

पोळी_करपली:
ग्वानिलेट आणि इनोसिनेट. ग्लुटामेटची चव वाढवायला घालतात, त्यामुळे ६२१ नसलं तरी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, टोमॅटो पावडर किंवा हायड्रोलाइज्ड प्रोटीन लिहिलंय का बघा, ग्लुटामेट तिथून येतं. घरात कुणाला गाऊट, युरिक ॲसिड असेल तर या दोन नंबरांना जपा.

धायरीची_सून:
बघितलं, तिन्ही आहेत.