शाळेच्या इलेक्ट्रिक रेसकारची बॅटरी तासाभरातच बसते, काय करावं?

स्विंडनकर_बाबा
नमस्कार मंडळी, इथे गाड्यांमधले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय. आम्ही इंग्लंडमध्ये असतो, मुलगी आठवीच्या वयाची आहे आणि तिच्या शाळेची टीम ग्रीनपॉवर या संस्थेच्या एफ24 रेसमध्ये उतरते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 11 ते 16 वर्षांची पोरं स्वतः एकसीटर इलेक्ट्रिक गाडी बांधतात, मोटर आणि 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सगळ्या टीम्सना सारख्याच, मोटर उघडायची नाही, बाकी बॉडी, चाकं, गिअरिंग ज्याचं त्याने बघायचं. 1999 ला गुडवुडच्या ट्रॅकवर हे सुरू झालं. रेस 90 मिनिटांची, मध्ये ड्रायव्हर बदलायचे, आणि वेळेत जास्त अंतर कापेल तो जिंकला.

तर आमची गाडी पहिला अर्धा तास झकास पळते, दोनचार टीम्सना मागे टाकते, पोरं पिटमध्ये नाचतात, आणि तासाच्या आतच अशी मरगळते की शेवटी रांगत येते. शाळेतले एक पालक म्हणतात मोटरला जाणारा करंट कमीजास्त करणारा महागातला कंट्रोलर घ्या, सगळा प्रॉब्लेम सुटेल. खरंच सुटेल का? सध्या साधा रिले आणि स्विच आहे, बटण दाबलं की फुल. चेनचं दातेरी चक्र (स्प्रॉकेट) पुढे मोटरवर 18 दातांचं, मागे चाकावर 70 चं, चाकं 20 इंची. डॅशवर करंट दाखवणारा अँमीटर आहे, सपाटीला 23 अँपिअरच्या आसपास दाखवतो.

गॅरेजवाला_कोथरूड
अँमीटरचा आकडा दिलात हे बेस्ट केलंत दादा, नाहीतर लोक नुसतं गाडी ओढत नाही म्हणतात आणि आम्ही अंदाज मारत बसतो.

कंट्रोलरला हात लावू नका अजून. लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर जो अँपिअर-अवरचा आकडा असतो ना तो 20 तासांत हळूहळू काढली तर मिळणारा असतो. समजा तुमची 36 ची आहे, म्हणजे पावणेदोन-दोन अँपिअरने काढली तर 36. तुम्ही तेवीसने ओढताय, तेव्हा हातात येणार बावीस-तेवीसच, म्हणजे तासभर. तुमची गाडी अगदी हिशोबाने बंद पडतेय, बॅटरी खराब वगैरे काही नाही. दीड तास काढायचा तर सरासरी 15 अँपिअरला यावं लागेल.

पुढचं स्प्रॉकेट 18 चं 16 करा. स्पीड नऊ-दहा टक्के जाईल पण करंट पाचवा हिस्सा तरी खाली येईल, कारण हवेला कापायला लागणारी पॉवर स्पीडच्या घनाने वाढते. स्पीड 40 चा 44 केला की हवेचा खर्च 33 टक्के जास्त! पोरांना हे कागदावर गणित करायला लावा, मजा येते त्यांना.

ईबाहा_माजी
वरच्यांशी सहमत पण स्प्रॉकेटने तुम्ही अठरा-साडेअठरावर याल, उरलेले तीन अँपिअर बाकीच्या गोष्टींतून काढावे लागतील. आम्ही कॉलेजला असताना ईबाहाची (इंजिनिअरिंग कॉलेजांची इलेक्ट्रिक गाड्यांची स्पर्धा) गाडी बांधली होती, पिथमपूरला नेली होती, तिथे शिकलेलं सांगतो. ती मातीतली गाडी, लिथियमची, तुमच्याशी थेट तुलना नाही, पण घर्षण ते घर्षणच.

गाडी स्टँडवर घ्या आणि प्रत्येक चाक हाताने फिरवून सोडा. ब्रेक पॅड जरा जरी घासत असेल तर लगेच कळतं, एक चाक मिनिटभर फिरतं आणि दुसरं पाच-सहा फेऱ्यांत थांबतं. मग पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजा, फरक असेल तर टायर सरळ न गुंडाळता तिरके घासत चाललेत. शाळांच्या गाड्यांत हे हमखास सापडतं, कारण टाय रॉड (पुढच्या चाकांना वळवणारा दांडा) एकदा बसवला की कोणी परत बघत नाही. टायरमध्ये हवा त्याच्या भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरा, सायकलचा हातपंप नको, गेजवाला घ्या. मग सपाट रस्त्यावर ठराविक स्पीडला बटण सोडायचं आणि गाडी किती लांब गडगडते ते खडूने मार्क करायचं. एकावेळी एकच बदल करा नाहीतर कशाने फायदा झाला ते कळणारच नाही.

विजेची_वहिनी
मी बॅटरीच्या कंपनीत टेस्टिंगला असते म्हणून तेवढंच. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडलेल्या असतात तेव्हा त्यातली कमजोर असते ती रेस संपवते. चार्ज करून रात्रभर ठेवा, सकाळी दोन्हीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा, 12.7-12.8 यायला हवं. रेस झाल्या झाल्या परत मोजा, एक 11.8 आणि दुसरी 11.2 असेल तर जोडी जमलेली नाही. आणि रिकामी बॅटरी सोमवारपर्यंत शाळेच्या शेडमध्ये टाकून देऊ नका हो, प्लेटवर सल्फेट कडक होतं आणि कपॅसिटी जाते ती परत येत नाही, त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा. तुमच्याकडे थंडी, त्यात गार पडलेली बॅटरी कमीच देते, रेसच्या आदल्या रात्री घरात ठेवा.

गॅरेजवाला_कोथरूड
वहिनींचा मुद्दा बरोबर. कंट्रोलरबद्दल एक राहिलं, तो वाईट नाहीये, सुरुवातीला रिले खटकन लागतो तेव्हा करंटचा जो झटका बसतो तो वाचतो, ड्रायव्हरला थोडं कमीजास्त पण करता येतं. पण घासणारा ब्रेक आणि मोठं स्प्रॉकेट तसंच ठेवून कंट्रोलर लावणं म्हणजे गळक्या टाकीला भारीतला नळ बसवणं. पैसे शेवटी खर्च करा.

स्विंडनकर_बाबा
बापरे, एवढं सविस्तर! मुलीला वाचून दाखवलं, तिचं म्हणणं मागचं डावं चाक आधीपासून जड फिरतं आणि ती हे सांगत होती पण कोणी ऐकत नव्हतं 😄 शनिवारी टेप घेऊन बसतील. एकच शंका, 16 दातांचं लावलं तर ड्रायव्हरला काही वेगळं सांगायचं का?

ईबाहा_माजी
हो, वळणाआधी ब्रेक मारू नका म्हणावं, बटण लवकर सोडायचं आणि गाडी वाहू द्यायची, ब्रेकने घालवलेला स्पीड परत मिळवायला सगळ्यात जास्त करंट जातो. चढाला अँमीटर 30 च्या वर गेला की ड्रायव्हरने बटण सोडायचं.

आणि लहान स्प्रॉकेट टाकल्यावर चेन सैल पडेल, मोटर सरकवायला जागा नसेल तर चेन छोटी करावी लागेल. ते रेसच्या सकाळी करायला घेऊ नका.