मुलाला फ्रॅटर्निटीकडून बोलावणं आलंय. आत राहिलेलं कोणी आहे का इथे?

एडिसनची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. मुलगा इंडियानातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री त्याचा फोन आला: एका फ्रॅटर्निटीने (एकाच घरात राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांची संघटना) बिड, म्हणजे सदस्य व्हायचं निमंत्रण दिलंय, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आवाजात इतका आनंद होता की माझ्या तोंडून नाही निघालंच नाही. आम्ही दोघंही पुण्यात घरून ये-जा करून शिकलो, त्यामुळे हॉस्टेलसुद्धा माहीत नाही. मुलाचे बाबा ठाम आहेत, दारू आणि दंगा, अभ्यासाचं वाटोळं. मुलगा म्हणतो, "गेलं वर्षभर डॉर्ममध्ये दार लावून बसलो होतो. इथे पहिल्यांदा कोणीतरी माझी चौकशी करतंय." ते ऐकल्यापासून मला चैन नाही. शिवाय तिथले माजी विद्यार्थी म्हणे नोकरीला मदत करतात, जन्मभर साथ देतात. खरंच असं असतं का? कृपया अनुभव लिहा, ऐकीव नको.

पेनसिल्व्हेनियाकर
ताई, मी आतला नाही, पण इथे राहतो म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेटमध्ये टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा मुलगा गेला. तुमच्याच न्यू जर्सीचा. बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात नव्या मुलांना घेण्याच्या रात्री त्याला भराभर दारू पाजली, तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला, आणि घरात एवढी पोरं असून जवळजवळ १२ तास कोणी मदत बोलावली नाही. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला म्हणून आमच्याकडे २०१८ मध्ये आणि तुमच्याकडे २०२१ मध्ये हेझिंगविरोधी, म्हणजे नव्या मुलांच्या छळाविरुद्धचे कडक कायदे झाले. पोरं पितात ही एक काळजी. पडलेल्या पोराला दवाखान्यात न नेणारे स्वतःला त्याचे भाऊ म्हणवतात, ही काळजी फार मोठी आहे. माझा मुलगा असता तर मी नाहीच म्हटलं असतं.

सांगलीकर_ओहायो
मी आठवीपर्यंत सांगलीत शिकलो, मग बाबांच्या नोकरीमुळे क्लीव्हलंडजवळ आलो. कॉलेजात दुसऱ्या वर्षापासून पदवी मिळेपर्यंत फ्रॅटच्या घरात राहिलो आणि आता त्याच चॅप्टरच्या (फ्रॅटच्या त्या कॉलेजातल्या शाखेच्या) हाऊस कॉर्पोरेशनवर काम करतो. म्हणून जरा लांब लिहितो.

वरच्या दादांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. आमच्या ओहायोतही पोरं गेली, तेव्हा २०२१ मध्ये कॉलिन्स लॉ हा तसाच कायदा आला. हे नजरेआड करून हो म्हणू नका. पण सगळी घरं सारखी नसतात, आणि माझ्या मते एका गोष्टीवरून बरंच कळतं: त्या घरात पिकल्या केसांची माणसं येतात का?

बऱ्याच ठिकाणी इमारत पोरांची नसते, विद्यापीठाचीही नसते. माजी सदस्यांनी नोंदवलेल्या हाऊस कॉर्पोरेशनची असते. छप्पर गळलं, विमा वाढला, भाडं थकलं की ही मंडळी येतात. एका जानेवारीत आमचा बॉयलर बंद पडला. मी ट्रेझरर होतो. कॉर्पोरेशनचे अध्यक्ष म्हणजे १९६८ च्या बॅचचे निवृत्त अकाउंटंट. त्यांना फोन केला, मला वाटलं चेक पाठवतील. ते तासाभरात स्वतः आले, ओव्हरकोट घालून तळघरात माझ्या शेजारी उभे राहिले, मला वेगवेगळ्या ठिकाणांहून कोटेशन मागवायला लावली आणि राखीव निधीत नंतर किती उरेल याचा हिशेब माझ्याकडून करून घेतल्यावरच सही केली. त्या वयात मला इतकं गांभीर्याने कोणी घेतलं नव्हतं. आमचं नातं तिथे जुळलं. पोरांना रात्रभर जागवून, अपमान करून एकी होते असं जे सांगतात, त्यांच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. सिग्मा अल्फा एप्सिलॉनसारख्या मोठ्या संघटनेने तर २०१४ मध्ये प्लेज, म्हणजे पूर्ण सदस्य होण्याआधीच्या उमेदवारीचा टप्पाच काढून टाकला.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर दर वर्षीचं कॉम्पोझिट टांगलेलं आहे. मोठी चौकट, आत कोट-टायमधल्या प्रत्येकाचा लंबगोल फोटो, खाली नाव. साठच्या दशकातल्या चौकटींत एकही सावळा चेहरा नाही. एके काळी अनेक फ्रॅटर्निटींच्या घटनेतच फक्त गोऱ्यांना घेण्याचं कलम असे, हा इतिहास तुमच्या मुलाला माहीत असावा. बाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा काढली, मार्टिन ल्यूथर किंग तिचेच सदस्य. आपल्या देशी मुलांनी १९९८ मध्ये ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय सुरू केली. त्याला तोही पर्याय बघू द्या.

आता जन्मभराच्या साथीबद्दल. बाबांना अटॅक आला तेव्हा मी टेक्सासमध्ये नोकरीला होतो आणि आईला गाडी येत नव्हती. क्लीव्हलंडमधल्या माझ्या बॅचच्या दोघांनी वार वाटून घेतले आणि बाबा घरी येईपर्यंत आईला रोज दवाखान्यात नेलं-आणलं. त्यातला एक अजून दिवाळीत आईला फोन करून चिवडा मागून घेतो. नोकरीचं म्हणाल तर कोणी कोणाला चिकटवत नाही. फोन उचलतात, रेझ्युमे वाचतात, मुलाखतीची तयारी करून घेतात. हेही कमी नाही.

सोमवारच्या आत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हेझिंगचा अहवाल शोधा. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्यामुळे दोषी संघटनांची नावं जाहीर करावी लागतात. नाव सापडलं तर विषय संपला. नाही सापडलं तर चॅप्टर ॲडव्हायझरशी (चॅप्टरच्या सल्लागाराशी) स्वतः बोला आणि नव्या मुलांचा कार्यक्रम किती आठवडे, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली चालतो ते विचारा. त्यांचा विधी गुप्त असतो, मान्य. वेळापत्रक गुप्त असायचं काही कारण नाही. तिथे टाळाटाळ झाली तर सरळ नाही म्हणा.

सीओईपीचा_जुना
आमच्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात (सीओईपी) फ्रॅट नाही, पण सांगलीकरांचं म्हणणं पटलं. संगमाजवळ १९२८ पासूनचा बोट क्लब आहे. रेगाटा (बोटींचा उत्सव) आला की वल्हं मारायला शिकवणारे सीनियर आधी घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि मग कॅन्टीनला स्वतःच्या पैशांनी खाऊ घालायचे. ॲरो फॉर्मेशनच्या (बोटींच्या बाणासारख्या रचनेच्या) सरावाला अंधार पडेपर्यंत नदीवर काढलेल्या आमच्यातले बहुतेक अजून एकमेकांच्या घरच्या कार्याला असतात. "रॅगिंगशिवाय ओळख कशी होणार" असं म्हणणारे महाराष्ट्रातही होते. १९९९ मध्ये इथे रॅगिंगविरोधी कायदा झाला, तरी सीनियर-ज्युनियर नाती तुटली नाहीत. ताई, मुलगा एकटा पडलाय हे त्याने स्वतःहून सांगितलं, ते मनावर घ्या. हे घर नको ठरलं तरी दुसरं काहीतरी त्याला सापडायला हवं.

एडिसनची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. अहवालात नाव नाही. ॲडव्हायझर तिथलेच माजी सदस्य आहेत, अर्धा तास बोलले आणि वेळापत्रक ईमेलने पाठवलं. मुलाचे बाबाही फोनवर होते, त्यांनी पियाझाचं नाव घेऊन थेट विचारलं. कोणी बेशुद्ध पडलं तर काय करायचं याचं प्रशिक्षण नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात देतात, असं ते म्हणाले. आम्ही हो म्हणायला सांगतोय. पुढच्या वर्षी घरात राहायला जावं लागेल म्हणतात, त्यात काही बघायचं का?

सांगलीकर_ओहायो
लीज नीट वाचा. ते बहुधा हाऊस कॉर्पोरेशनबरोबर होतं आणि बऱ्याच ठिकाणी पालकांचीही सही घेतात. मुलाने मधेच फ्रॅट सोडली तर भाडं देणं लागतं का, जेवण त्यात धरलंय का, आग लागल्यास स्प्रिंकलर आहेत का, हे विचारा. शक्य असेल तर होमकमिंगला (माजी विद्यार्थी परत येतात तो सोहळा) स्वतः जाऊन या, त्या दिवशी कॉर्पोरेशनची माणसं बहुधा स्वयंपाकघराच्या आसपासच असतात.