मदत हवी आहे: झाडावरचा हिरवा साप बूमस्लँग (आफ्रिकेतला विषारी साप) आहे का?
आम्ही दक्षिण आफ्रिकेत डर्बनला राहतो, मागच्या झाडावर विव्हर (सुगरणीसारख्या) पक्ष्यांची घरटी आहेत आणि तिथे एक हिरवागार साप सारखा दिसतोय. मारायचा किंवा पकडायचा अजिबात विचार नाही, पोरांना मागे जायला बंदी केलीय, स्नेक कॅचर उद्या येणार. बूमस्लँगच्या विषाने रक्त गोठत नाही आणि लक्षणं कित्येक तासांनी दिसतात, म्हणून धाकधूक. लांबूनच झूम करून फोटो काढलेत, अंगावर काळे ठिपके नाहीत म्हणजे बिनविषारी स्पॉटेड बुश स्नेक नसावा, डोळा डोक्याच्या मानाने बूमस्लँगसारखा भलताच मोठा, पण बिनविषारी नेटाल ग्रीन स्नेकही बिनठिपक्यांचाच असतो ना! बूमस्लँगच्या खवल्यांवर मधोमध उभी धार असते म्हणे, माझ्या फोटोत पानांच्या सावलीमुळे ती दिसतच नाही. मग नुसत्या डोक्याच्या आकारावरून आणि डोळ्यावरून बूमस्लँग आणि नेटाल ग्रीन या दोघांत खात्रीने फरक करता येतो का?