मोटरहोमचे टायर : बदलू का अजून एक सीझन काढू?

भटक्या_टेक्सास: आमची मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) क्लास सी आहे, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, फोर्ड ई-४५० वरची, टायर २२५/७५ आर१६, मागे जोडचाकं म्हणजे एकूण सहा. नक्षी अजून झकास आहे पण तारीख २३१७ दिसतेय आणि जूनमध्ये आईबाबांना घेऊन येलोस्टोनला जायचंय. दुकानदार कारवाले टायर स्वस्तात देतो म्हणतोय, चालतील?

उनाड_काका: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी काय बघताय राव, या गाड्या वर्षभर उभ्याच असतात, रबर झिजून नाही तर उन्हानं आणि वयानं मरतं. टॉर्च मारून साईडवॉल (टायरची बाजू) बघा, भेगा सापडतील. सहाच्या सहा बदला.

पोहेवाली: कारवाले अजिबात नको!! एलटी म्हणजे हलक्या ट्रकचे, आणि लोड रेंज ई (वजन झेलायची श्रेणी) चेच घ्या. ८० पीएसआयला एकटा टायर २६८० पौंड झेलतो, जोडीत मात्र प्रत्येकी २४७० च. आधी पाणी, सामान, माणसं सगळं भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करा मग टायर कंपनीचा वजन-हवेचा तक्ता बघून हवा ठरवा. आमचा मागचा आतला टायर फुटला तेव्हा कुकरचा आवाज वाटला होता मला.

भटक्या_टेक्सास: भेगा आहेत, आतल्या बाजूला. शनिवारी वजन करून येतो.